सहा गायी, एक सुई

मला वाचवलं ते ठिपके मास्तरांनी. हे अगदी वर लिहून ठेवते, कारण खाली त्यांची बरीच टिंगल येणार आहे, आणि ती वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई उपकार विसरली. उपकार विसरले नाही. पण टिंगलही सोडवत नाही. मास्तरांबद्दल नुसतं चांगलं लिहायचं म्हटलं तर ते दोन ओळींत संपतील.

त्यांना मास्तर म्हणायचे, पण त्यांनी कुठल्या शाळेत शिकवलेलं नव्हतं. जन्मभर कुठल्याशा सरकारी लॅबमध्ये जनावरांचं रक्त काचेवर पसरून बघत बसले, निवृत्त झाले आणि इब्रामपूरला आपल्या घरी परतले ते मोडीत काढलेला एक जुना मायक्रोस्कोप मांडीवर घेऊनच. बायकामुलं नव्हती. मायक्रोस्कोपला विजेचा दिवा नव्हता, खाली आरसा होता, त्याला ऊन लागायचं. त्यामुळं मास्तरांचं मेज आणि कदेल (इकडं खुर्चीला कदेल म्हणतात आणि खिडकीला जनेल) सकाळी पूर्वेच्या जनेलापाशी असायचं आणि दुपारनंतर पश्चिमेच्या. ढग आले की मास्तर घरावर रागवायचे. घर बांधणाऱ्या त्यांच्या आजोबांना दिशेची अक्कल नव्हती, असं ते पावसाळाभर म्हणायचे.

बोटं कायम जांभळी. रक्त रंगवायचा तो रंग नखांत असा मुरला होता की निवडणूक नसतानाही मास्तर आत्ताच मत देऊन आलेत असं वाटायचं. देवळातल्या समाराधनेला त्यांच्या शेजारचं पान रिकामं राहायचं. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्या रिकाम्या पानावरची भजी तेच घ्यायचे.

गायीचं रक्त कमी झालं की पापणीच्या आतली कातडी पांढरी पडते, म्हणून पापणी खाली ओढून बघायची त्यांना सवय. ती सवय माणसं आणि जनावरं असा भेद करायची नाही. गावातल्या एका लग्नात अक्षता टाकायला स्टेजवर चढले आणि नवरीची पापणी ओढून म्हणाले, "रगत कमी आसा. पण चलतलें." नवरीच्या सासूनं त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. मास्तरांना ते सहा महिन्यांनी कळलं, तेही कुणीतरी सांगितलं म्हणून.

पोयी, म्हणजे इकडचा गोल पाव, खाताना ते आधी काठ खायचे, गोल फिरवत, उंदरासारखे. मधला मऊ भाग शेवटी, तोही बऱ्याचदा कुत्र्याला. मी विचारलं तर म्हणाले, मधलं सगळेच खातात, काठ कोण बघतो? हे काठाचं वेड त्यांना कुठून लागलं ते पुढं येईल.

मी गडहिंग्लजकडची. सातवीला शाळा सुटली. नवऱ्याला इकडच्या कारखान्यात काम लागलं आणि मला भाईंच्या गोठ्यात. भाई म्हणजे गोठ्याचे मालक. गाव त्यांना भाईच म्हणतं. सहा गायी, त्यांचं शेण, धारा, वैरण सगळं माझ्याकडं, आणि त्यापोटी पगार आणि गोठ्यामागची खोली. खोली काही मोठी नव्हती, पण तिच्यामुळं माझी पोरगी गावच्या हायस्कुलात जाऊ शकत होती. आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेली ती पहिली. त्यामुळं मी सतत घाबरलेली असायची. धारेला पावशेर कमी पडलं तरी मला खोलीचं दार दिसायचं. विमानतळ झाल्यापासून विमानं गोठ्यावरून खाली उतरतात. गायींना त्याची सवय झाली, मला नाही झाली. वाटायचं, हे मलाच कुणीतरी बघायला येतंय.

मास्तर आमच्या गोठ्यात येऊ लागले ते भाईंनी कर्नाटकातून नवीन गाय आणली तेव्हा. तांबडी होती, म्हणून तिचं नाव तांबू. मास्तर तिला बघायला आले आणि आधी मला बघितलं.

"खंयची गे तू?"

मी कोल्हापूर जिल्हा सांगितला.

"तुमच्याकडच्या चपला चांगल्या," म्हणाले. "बाकीचं बघू."

तेव्हापासून मी त्यांची कोल्हापूरकरीण. गायीला चारा कमी पडला तर कोल्हापुरी पद्धत, जास्त पडला तर कोल्हापुरी पद्धत. माझी एकही गोष्ट त्यांच्या जिभेतून सुटली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्याची सुरुवात त्या जिभेच्या भीतीतूनच झाली.

एकदा मी भाकऱ्या थापत होते आणि मास्तर दारात बसून मला तांबड्या पेशीचं पुराण सांगत होते. रक्तात म्हणे तांबड्या पेशी असतात, बशीसारख्या, कोट्यवधी. आणि एक जंतू असतो, गोचिडीच्या तोंडातून येतो, चावऱ्या माशीच्या तोंडातून येतो, रक्त लागलेल्या सुईवरूनही येतो. तो या पेशीत शिरतो. मी विचारलं, भोक पाडून शिरतो काय? मास्तरांना हाच प्रश्न हवा होता. ते उठले, माझ्या परातीशेजारी ठेवलेली काजूची बी उचलली आणि जांभळ्या बोटानं माझ्या पिठाच्या गोळ्यात हळूच दाबायला लागले.

"बघ. तो भोक पाडत नाय. नुसता टेकतो. मग पेशीच आपली भिंत आत घेते, खळगा करते, आणि वरून तोंड मिटते. घर फुटलं? नाय. घरानंच पाव्हण्याला पोटात घेतलं."

एवढ्यात गोळा फाटला. ज्वारीचं पीठ ते, दाबलं की तडकणारच. मास्तर गोळ्याकडं असे बघत राहिले जसं काही त्यानं परीक्षेत कॉपी केली.

"ही तुमची ज्वारी! तांदळाची उकड असती तर बरोबर मिटली असती. तुमच्याकडची पीठंसुद्धा अडाणी."

मी तो गोळा गायीला टाकला. जांभळ्या बोटाची भाकरी कोण खाणार? पण ते दाबणं मात्र डोक्यात राहिलं. पुढचं मास्तरांनी हात पुसत सांगितलं: आत गेल्यावर जंतू एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि तसेच न फोडता बाहेर पडून शेजारच्या पेशीत जातात. मग गायीचं रक्त कमी का होतं? तर पोटात पानथरी असते, तिचं काम रक्तावर पहारा करणं. तिला पेशीत परका दिसला की ती अख्खी पेशीच मोडून टाकते.

"आमच्या पंचायतीसारखी," मास्तर म्हणाले. "एक बिऱ्हाडकरू नको झाला म्हणून घर पाडते."

मी परात बाजूला सारली. परकं, बिऱ्हाडकरू, असं कुणी बोललं की मला वाटतं माझ्यावरच चाललंय. मास्तरांच्या ते लक्षात आलं.

"गे, मी जंतूबद्दल बोलतो. तुझ्याबद्दल बोलायचं असतं तर तोंडावर बोललो असतो. आतापर्यंत काय राखून ठेवलंय?"

तेही खरंच होतं.

हा जंतू रंगवलेल्या काचेवर दिसतो तो बारीक ठिपक्यासारखा, आणि नेहमी पेशीच्या काठाला. मधोमध ठिपका दिसला तर तो बहुतेक रंगाचा कचरा. मास्तरांचं आयुष्य या एका फरकावर गेलं होतं. त्यावरूनच गावानं त्यांना ठिपके मास्तर केलं, आणि काठाचं वेडही तिथलंच. चहाच्या टपरीवर कुणी गंजिफ्रॉकवर डाग पाडून घेतला की पोरं ओरडायची, "मास्तर, हो मधलो काय काठाचो?" मास्तर खरंच थांबून बघायचे आणि उत्तर द्यायचे.

आता तो दिवस. काजूचा हंगाम चालू होता. मास्तरांनी ठरवलं की भाईंच्या सहाही गायींचं रक्त बघायचं. कुणी सांगितलं नव्हतं, गायी ठणठणीत होत्या. पण मास्तरांकडं नवा रंग आला होता, आणि नवा रंग आला की त्यांना गप्प बसवत नसे. भाई म्हणाले, बघा, फुकट आहे तोवर बघा.

मास्तरांची रक्त काढायची एक सुई होती. एकच. लॅबमधून आणलेली, जाडसर, बुचात खोवलेली. आताच्या पाकिटातल्या सुया त्यांना पटायच्या नाहीत. एकदा वापरून टाकून द्यायची ती कसली सुई, म्हणायचे. प्रत्येक गायीचा कान टोचून झाला की सुई स्पिरिटमध्ये बुचकळायची, आणि ते काम माझं. स्पिरिटची छोटी बाटली त्यांनी आदल्या दिवशीच माझ्याकडं आणून ठेवली होती आणि सांडू नको म्हणून तीनदा बजावलं होतं.

ती सकाळी वासरानं पाडली. मास्तर यायला पाव तास होता. सांगायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा कानात फक्त त्यांचा आवाज होता: कोल्हापूरकरणीला बाटलीसुद्धा सांभाळत नाही. फळीवर पांढऱ्या पाण्यासारखी दारूची बाटली होती, काजूच्या बागेतल्या कुणीतरी नवऱ्याला प्रेमानं दिलेली. मी विचार केला, दारू ती दारू. जखमेला झोंबते म्हणजे जंतू मारत असणार. आणि तीच स्पिरिटच्या बाटलीत भरली.

ती हुर्राक होती. इकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की हुर्राक म्हणजे काजूच्या रसाची पहिली पातळ धार, आणि कडक हवी तर दुसऱ्यांदा गाळलेली फेणी. मी उसाच्या मुलखातली. मला दोन्ही पांढऱ्या.

मास्तरांना वास आला नाही. येणार कसा? त्या दिवसांत अख्खं गावच हुर्राकच्या वासात असतं. मी कान धरत गेले, ते टोचत गेले, मी सुई बुचकळत गेले. प्रत्येक काचेवर ते हिऱ्याच्या लेखणीनं नंबर कोरत होते. एक, दोन, तीन ती तांबू, चार गौरी, पाच चांदी, सहा म्हातारी कपिला. सगळ्या काचा लाकडी पेटीत नंबरवार गेल्या.

चौथ्या दिवशी मास्तर पेढे घेऊन आले. खरोखरचे पेढे. तीन दिवस जनेलापाशी डोळा लावून बसल्यावर त्यांना तांबूच्या काचेत एक ठिपका सापडला होता. काठाला. भाई घाबरले, तर मास्तर हसले. म्हणाले, जुना बिऱ्हाडकरू आहे, कधीतरी लहानपणी शिरलेला. गायीचं आणि त्याचं जमलंय, तिला काही होत नाही. मला घरी नेऊन दाखवलाही. मी एक डोळा मिटून बघितलं: गुलाबी टिकल्याच टिकल्या, आणि एकीच्या कडेला मोहरीच्या टोकाएवढं काळं. एवढ्यासाठी पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

महिना उलटला. काजू संपला, आभाळ भरून यायला लागलं, आणि गौरीनं वैरण सोडली. अंग तापलेलं, दूध एकदम खाली. भाईंच्या सहा गायींत दूध देणारी खरी ती. दुसऱ्या दिवशी चांदी. गोठ्यात जो येईल तो एक रोग सांगायचा. कुणी दिष्ट लागली म्हणालं, कुणी विमानाचा आवाज. शेजारचा एक म्हणाला, हा तर लाल मुताचा ताप. तेव्हा मास्तर आले आणि गोठ्यात उकिडवे बसले, गौरी कधी मुतते याची वाट बघत. तासभर. हातात नारळाची करवंटी. गावानं हे दृश्य मोबाइलवर घेतलं. शेवटी करवंटी भरली, मास्तरांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, "पिवळं. घर आतल्या आत फुटलं असतं तर लाल आलं असतं. हे फुटलेलं नाय, पाडलेलं आहे. पानथरीनं." मग गौरीची पापणी ओढली. आतली कातडी कागदासारखी पांढरी, त्यात हळदीची झाक.

डॉक्टर आले, त्यांनीही तेच सांगितलं, इंजेक्शनं दिली. चांदी हळूहळू सावरली. गौरी तिसऱ्या दिवशी सकाळी बसली ती उठली नाही. मी तिच्या मानेखाली पोतं सरकवत होते तेव्हा गेली.

जाता जाता डॉक्टर भाईंना विचारून गेले, महिन्यामागं कुणी एकाच सुईनं सगळ्यांना टोचलं होतं काय? साधा प्रश्न. पण भाईंनी माझ्याकडं बघितलं. गायींना कॅल्शियमची सुई मीच द्यायची, तेव्हा सुई म्हटलं की मीच; मास्तरांनी कान टोचले ते त्यांच्या लेखी नुसतं बघणं होतं. भाई ओरडणारा माणूस नाही. ते शांतपणे म्हणाले, "आयतवारपर्यंत खोली खाली कर." मी कॅल्शियम त्या महिन्यात दिलंच नव्हतं. पण ते सांगायला तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर पडेल अशी भीती वाटली, म्हणून शेणाची पाटी उचलली. पोरीची नववीची पुस्तकं अजून फळीवर होती. दहावी तोंडावर होती.

शनिवारी सकाळी मास्तर काखेत ती लाकडी पेटी घेऊन खोलीच्या दारात आले. आत आले नाहीत.

"माझी स्पिरिटची बाटली खंय?"

मी आणून दिली. तळाला थोडं शिल्लक होतं. मास्तरांनी बूच काढलं. आता गावात काजूचा वास उरला नव्हता. त्यांनी नाकाशी धरली, पुन्हा धरली, आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्यांचा आणि अख्ख्या जिल्ह्याचा उद्धार होणार.

"हुर्राक," ते म्हणाले. "तीसुद्धा पातळ."

बूच लावलं आणि बाटली खिशात टाकली.

मग ते तसेच भाईंच्या अंगणात गेले. मी मागोमाग. भाईंनी त्यांना कदेल दिली, मास्तर बसले नाहीत. पेटी मेजावर ठेवून उघडली आणि काचा एकेक बाहेर काढून ओळीनं मांडल्या.

"नंबर बघ, भाई. एक आणि दोन, दोघींना काय नाय. तीन तांबू, तिच्यात तो आधीपासून. चार गौरी. पाच चांदी. तांबूच्या लगेच मागून टोचलेल्या त्या दोघीच आजारी. कपिलाच्या वेळेपर्यंत सुई पुसली गेली असणार, वाचली. सुई माझी. टोचणारा हात माझा. सहा गायी, एक सुई. प्रत्येकीला नवी सुई घ्यायला हवी होती, आणि हे मी चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो."

भाईंनी चार नंबरची काच उचलली आणि परत ठेवली. मग म्हणाले, "आणि हिची सुई?"

"हिचा काय संबंध? हिनं कान धरले. कान धरल्यानं रोग होत असता तर आमच्या शाळेतला एकही पोर जगला नसता."

मी तिथंच उभी होते. तीन पावलांवर. बाटली मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात दिसत होती. बोलायला एक श्वास पुरला असता. मी तो घेतला आणि सोडला.

खोली राहिली. मास्तर मात्र राहिले नाहीत. भाईंनी त्यांना गोठ्यात यायला बंदी केली, आणि गावात बातमी फिरल्यावर बाकीच्यांनीही. टपरीवरची पोरं आता म्हणायची, ठिपको शोधता शोधता मास्तरच ठिपको जालो. मास्तर थांबून उत्तर द्यायचे नाहीत. मायक्रोस्कोपवर पंचा टाकलेला असायचा, मेज दिवसभर एकाच जनेलापाशी. महिनाभरानं त्यांचा फोंड्याचा भाचा त्यांना आपल्याकडं घेऊन जायला तयार झाला.

बसपर्यंत पेटी मी नेली. वाटेत मी म्हटलं, मास्तर, मी भाईंना खरं सांगून टाकते. ते चालतच राहिले.

"काय खरं? स्पिरिट असतं तरी रक्त लागलेली सुई धुऊन निघते असं थोडंच. स्पिरिट म्हणजे माझ्या मनाचं समाधान. तुझी हुर्राक म्हणजे तुझ्या मनाचं."

"तरी पण," मी म्हटलं.

"तुला आत्ता काय हवं गे? पोरीची दहावी की तुझं पुण्य? दोन्ही एकदम मिळायला ही काय लॉटरी नाय." मग म्हणाले, "तिचा निकाल लागूं दे. मग सांग. नाय सांगितलंस तरी मला फोंड्यात कळायचं नाय."

बसमध्ये चढताना त्यांनी खिशातून ती बाटली काढून माझ्या हातात दिली. धुतलेली होती, बूच नवं. "परत कुणाला लागलं तर स्पिरिटच भर," म्हणाले. "आणि भाकऱ्या तांदळाच्या करायला शीक." खिडकीत बसल्यावर मायक्रोस्कोप मांडीवर घेतला, शेजारच्या बाईकडं वळले आणि तिचा डोळा निरखून बघायला लागले. बाईनं पदर ओढून घेतला. बस सुटली.

पुढं मला कळलं की ते म्हणाले ते अर्धंच खरं होतं. बाटलीत कडक स्पिरिट असतं तर कदाचित गौरी वाचली असती, कदाचित नाही. डॉक्टरांना मी आडून आडून विचारलं, तर ते म्हणाले, अशा गोष्टी कोण सांगणार? म्हणजे ते ‘कदाचित’ कायम माझ्याकडंच राहणार.

पोरगी आता दहावीला आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकात तांबड्या पेशीचं चित्र आलं तेव्हा तिनं मला दाखवलं, आणि माझं बोट आपोआप पेशीच्या काठावर गेलं. तिथं काही नव्हतं. पुस्तकातल्या पेशी निरोगी असतात.

बाटली फळीवर आहे. मी ती रिकामीच ठेवली आहे. निकाल लागला की त्याच दिवशी ती घेऊन भाईंच्या अंगणात जाईन, त्याच मेजावर ठेवीन आणि तिच्यात काय होतं ते सांगेन, गावातली चार माणसं ऐकतील एवढ्या आवाजात. मग खोली राहो की जावो. तिथून उठून फोंड्याची बस धरीन. मास्तरांना घेऊन येईन, आणि परत गोठ्यात येऊ दिलं नाही तर निदान त्यांच्या मेजाला दोन्ही वेळचं ऊन मिळेल एवढं बघीन. तांदळाची उकड मी शिकले आहे. काजूची बी दाबली तर मिटते.